तारेच्या वाक्यातले झाड

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अधूनमधून कायद्याची पुस्तके वाचावीत, असे आम्हांला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. त्यांतील निवाडे वकिलांनी पाहावेत. आपण वाक्ये पाहावीत. कर्ता कोण आहे, क्रियापद कोणाच्या पदरात टाकले आहे, कोणत्या शब्दाची व्याख्या केली आहे आणि कोणता शब्द मोकळा सोडला आहे, हे पाहण्याची सवय आपल्याला कवितेने लावलेली असतेच. ती सवय एका अगदी घरगुती प्रश्नाला लावून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. प्रश्न असा : घरांजवळून जाणाऱ्या विजेच्या तारांना भिडलेले झाड कोणी छाटायचे, आणि ते सुरक्षितपणे छाटले जाईल याची जबाबदारी कोणाची?

वैशाख सरत आला की महाराष्ट्रातल्या शहरांत हा प्रश्न दरवर्षी उगवतो. महानगरपालिकांचा उद्यान विभाग रस्त्यावरची झाडे हाती घेतो आणि गृहनिर्माण सोसायट्यांना त्यांच्या आवारातल्या झाडांबद्दल सूचना धाडतो. महावितरणची मान्सूनपूर्व कामे सुरू होतात. पुण्यासारख्या शहरात गुरुवारी वीज जाणार हे गृहीत धरून घराघरांत दळण-कांडण आधी उरकले जाते. व्यवहारात विभागणी ढोबळ आहे. रस्त्यावरचे झाड पालिकेचे, आवारातले सोसायटीचे, वाहिनी वीज कंपनीची, मीटरनंतरची तार ग्राहकाची. फांदीला मात्र ही विभागणी ठाऊक नसते. आवारात रुजलेले झाड रस्त्यावर झुकते आणि तिथे कंपनीच्या तारेला टेकते. सोसायटी पालिकेकडे अर्ज करते, पालिका वीजपुरवठा बंद करून मागते, कंपनी आधी छाटणीची परवानगी दाखवा म्हणते. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते आणि एवढ्यात मृग लागतो. या घोटाळ्याचे खापर नुसते कार्यालयांच्या आळसावर फोडणे आम्हांला पुरेसे वाटत नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो बराचसा एका वाक्याचा इतिहास आहे.

त्या वाक्याकडे जाण्यापूर्वी एका जुन्या मराठी ग्रंथाची आठवण करून द्यायला हवी. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५च्या सुमाराचे. त्यातील आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लाकूड कुठून आणावे याची चर्चा आहे, आणि आंबा-फणसासारखी रयतेची झाडे तोडण्याविषयी प्रसिद्ध ताकीद आहे. (सभांमधून हा मजकूर शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून वाचला जातो, परंपरा त्यांची असली तरी हा ग्रंथ त्यांच्यानंतर कित्येक वर्षांनी कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिला गेला, हे शिक्षकांनी तरी विसरू नये.) झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाही, लोकांनी ते लेकरासारखे वाढवलेले असते, तेव्हा अगदी जीर्ण झालेले झाडच घ्यावे, तेही धन्याला राजी करून आणि मोल देऊन, असा त्याचा आशय आहे. या मजकुरातील दयाबुद्धीची तारीफ पुष्कळ झाली आहे. आम्हांला त्यातील क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी संमती, मग मोल, मग कुऱ्हाड.

१८८५ साली हा क्रम उलटला. त्या वर्षीच्या भारतीय तार कायद्याचे अठरावे कलम झाडांविषयी आहे. त्याचा भावार्थ असा : तारेच्या मार्गाजवळ उभे किंवा पडलेले एखादे झाड तारसंदेशाच्या दळणवळणात अडथळा आणत असेल, अथवा आणण्याचा संभव असेल, तर तार खात्याच्या अर्जावरून पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गाचा दंडाधिकारी ते झाड काढवू शकेल किंवा त्याला योग्य वाटेल तशी त्याची व्यवस्था लावू शकेल. आणि ते झाड तारेच्या आधीपासून तिथे असेल, तर झाडात ज्याचा हितसंबंध आहे त्याला दंडाधिकारी वाजवी भरपाई देववील.

आता व्याकरण पाहू. या वाक्यात अडथळा ‘आणणारे’ झाड आहे. पन्नास वर्षे आपल्या जागी उभा असलेला चिंचेचा वृक्ष, ज्याच्या अंगावरून काल तार ओढली, तो इथे कर्ता होतो. तार ओढणारे खाते फिर्यादी होते. एवढे झाल्यावर कायद्याच्या मसुदाकाराला कुठेतरी टोचले असावे, म्हणून तो शेवटचा भाग आला : आधी झाड की आधी तार? धन्याच्या संमतीची जागा इथे कालक्रमाने घेतली. झाड आधीचे असेल तर पैसे मिळतील. झाड राहणार नाही हे मात्र ठरलेलेच आहे.

तरीही या वाक्याला त्याच्या काळात एक अर्थ होता हे मान्य केले पाहिजे. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने कलकत्त्याजवळ तारयंत्राचे प्रयोग केले ते १८३९ साली; १८५०च्या दशकात तारा देशभर पसरू लागल्या. तारायंत्राची तार एकच असे, परतीचा प्रवाह जमिनीतून येई. तिच्यातला प्रवाह अगदी दुबळा. पावसाने भिजलेली फांदी तारेला टेकली की तो प्रवाह फांदीतून, खोडातून, मुळांतून जमिनीत उतरे आणि पलीकडच्या टोकाला अक्षरे उमटेनाशी होत. झाड अक्षरशः शब्द पिऊन टाकी. तेव्हा ‘अडथळा’ हा शब्द अचूक होता. हानी व्हायची ती संदेशाची. त्या तारेला हात लागून माणूस मरत नव्हता, म्हणून वाक्यात माणसाची गरज नव्हती.

याच १८८५ साली मुंबई इलाख्यात झाडांच्या फांद्यांवरून दुसरा एक वाद पेटला होता, त्याचा उल्लेख तारांच्या संदर्भात सहसा होत नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतले शेतकरी भाताच्या रोपांसाठी ‘राब’ भाजत. त्यासाठी झाडांचा टहाळ तोडून वाफ्यावर पसरत आणि पावसाच्या आधी जाळत. या तोडीने झाडांची वाट लागते असे जंगल खात्याचे म्हणणे; राबाशिवाय भात नाही असे शेतकऱ्यांचे. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. जंगल खात्याने डोंगर आणि गायराने गिळल्याची तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केली होतीच. म्हणजे एकाच वर्षी एका बाजूला फांदी तोडणाऱ्या कुणब्याला हक्क सिद्ध करावा लागत होता, आणि दुसऱ्या बाजूला तार खात्याला अख्खे झाड काढवण्यासाठी एक अर्ज पुरत होता. छाटणी हे काम तेच. हक्काचे की गुन्ह्याचे, हे कोयता कोणाच्या हातात आहे त्यावरून ठरत होते.

मग वीज आली. कलकत्त्यात १८९९ साली सार्वजनिक पुरवठा सुरू झाला, मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम धावली. १९१० साली भारतीय वीज कायदा झाला आणि त्याच्याही अठराव्याच कलमात झाडे आली. हा आकड्याचा योगायोग सोडून द्या. वाक्याची ठेवण मात्र योगायोगाची नाही. तारेजवळचे झाड, अडथळा किंवा अडथळ्याचा संभव, अर्ज, दंडाधिकारी, आणि झाड तारेआधीचे असल्यास भरपाई : सारा सांगाडा तार कायद्याचा आहे. दंडाधिकारी पहिल्या वर्गाचा हवा, आणि मुंबईसारख्या इलाखा-शहरात त्याच्या जागी पोलीस आयुक्त, एवढा फरक. (मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी पिंपळाच्या फांदीवर निकाल द्यावा, ही कल्पना आमच्या एका विनोदी लेखकाच्या हाती लागायला हवी होती.)

आमच्या मते घोटाळ्याचे मूळ इथे आहे. बिनधोक तारेसाठी घडवलेले वाक्य जीवघेण्या तारेला लावले गेले. विजेच्या वाहिनीला ओली फांदी टेकली तर प्रवाह खंडित होतो हे खरे, पण ती त्यातली सर्वांत कमी वाईट गोष्ट आहे. फांदी दोन तारांना एकमेकींवर आपटवते, ठिणग्या पडतात. तार तुटून पाणी साचलेल्या रस्त्यावर पडते. झाडावर चढलेल्या माणसाच्या ओल्या कोयत्यातून प्रवाह त्याच्या देहात उतरतो. कायद्याच्या या कलमाने हानी मोजली ती ऊर्जेच्या वहनाची आणि वाहिनीपर्यंत पोचण्याच्या सोयीची. झाडाखालचा आणि झाडावरचा माणूस वाक्यात आला नाही.

माणसाच्या जिवाची काळजी घेणारे नियम अर्थातच दुसरीकडे आहेत. भारतीय वीज नियम १९५६ सालचे. लघुदाबाची तार घराच्या बाजूने गेली तर किमान १.२ मीटर आणि छतावरून गेली तर किमान २.५ मीटर दूर हवी. ११ हजार व्होल्टच्या वाहिनीसाठी छतावरचे अंतर ३.७ मीटर. रस्त्यावरची तार तुटली तर ती निर्जीव व्हावी अशी योजना हवी, असेही त्यांत आहे. पुढे २०१० आणि २०२३ साली केंद्रीय वीज प्राधिकरणाने नवे विनियम केले. हे आकडे घराच्या भिंतीपासूनचे आहेत. भिंत जागची हलत नाही, म्हणून तिच्यापासून अंतर मोजणे सोपे. झाड रोज वाढते, वाऱ्याने झुलते, पावसाने जड होते. आणि उन्हाळ्यात, भार वाढला की, तारही तापून खाली झोळते. दोन हलत्या गोष्टींमधले अंतर कलमात एकाच शब्दावर सोपवले आहे : ‘जवळ’. या शब्दाची व्याख्या नाही.

‘झाड’ या शब्दाची मात्र आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे. वीज कायद्याच्या स्पष्टीकरणानुसार झाड म्हणजे झुडूप, कुंपणाची वई, रानवाढ किंवा कोणतीही अन्य वनस्पती. म्हणजे तारेवर चढलेली गारवेलसुद्धा झाडच. आता याच्यापुढे महाराष्ट्राचा १९७५ सालचा नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षणाचा कायदा ठेवा. तिथे ‘झाड तोडणे’ या क्रियापदाची व्याख्या आहे : जाळणे, कापणे किंवा कोणत्याही रीतीने झाडाला इजा करणे हे सारे तोडण्यातच येते. त्यामुळे वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीविना फांदी छाटणेही अंगाशी येऊ शकते. एका कायद्याने नाम ताणले, दुसऱ्याने क्रियापद. पहिल्यानुसार तारेजवळची कोणतीही हिरवळ काढवता येते, दुसऱ्यानुसार झाडाला कोणतीही जखम करता येत नाही. दोन्ही व्याख्या आपापल्या हेतूने रास्त आहेत, पण आवारातल्या एकाच गुलमोहोराला एकाच वेळी दोन्ही लागू होतात आणि मग सोसायटीचा सेक्रेटरी हातात दोन कागद घेऊन उभा राहतो.

२००३ साली नवा वीज कायदा आला; १० जूनपासून अमलात आला. आता कलम अडुसष्टावे. अर्ज परवानाधारकाने, म्हणजे वीज कंपनीने करायचा. निकाल कार्यकारी दंडाधिकाऱ्याने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने द्यायचा. आपल्याकडे कार्यकारी दंडाधिकारी म्हटले की बहुधा तहसीलदार आठवतो. बाकी वाक्य तेच, झाड तारेआधीचे असल्यास भरपाई हेही तेच. शिवाय कलम १६४ तार कायद्याचे नाव घेऊन तार खात्याचे अधिकार वीज कंपनीला देण्याची सोय ठेवते. तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाली, तार कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ साली संमत झाला; तारेचे वाक्य विजेच्या कायद्यात चालूच आहे. या वाक्यातले क्रियापद ‘शकेल’चे आहे हे पुन्हा एकदा नजरेस आणून देतो. कंपनी अर्ज करू शकेल, दंडाधिकारी झाड काढवू शकेल. छाटणी करावीच, अमुक काळाने करावी, अमुक रीतीने करावी, असे कर्तव्य या कलमात कोणालाही लावलेले नाही.

कर्तव्याच्या भाषेत हेच लिहिता येते का? येते, पण त्याची किंमत एका देशाला आधी मोजावी लागली. आपला कायदा अमलात आल्यावर दोनच महिन्यांनी, १४ ऑगस्ट २००३ रोजी, अमेरिकेतील ओहायो राज्यात भाराने तापून झोळलेल्या उच्चदाब वाहिन्या खालच्या वाढलेल्या झाडांना टेकल्या आणि एकामागून एक बंद पडल्या. संगणकातील बिघाडामुळे नियंत्रण कक्षाला ते वेळेत कळले नाही. संध्याकाळपर्यंत ईशान्य अमेरिका आणि कॅनडातील ओंटारिओ मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात होते. पुढच्या वर्षी आलेल्या दोन्ही देशांच्या संयुक्त अहवालाने न छाटलेली झाडे हे एक प्रमुख कारण सांगितले. त्यानंतर २००५च्या कायद्याने तिथली मानके बंधनकारक झाली आणि वाहिनी व झाड यांतील किमान अंतर आकड्यांत लिहिले गेले. ते राखणे वाहिनीच्या मालकाचे कर्तव्य ठरले, न राखल्यास दंड. ही मानके मोठ्या पारेषण वाहिन्यांची आहेत, गल्लीतल्या खांबांची नव्हेत, हे खरे. पण ‘जवळ’ हा शब्द मोजता येतो, एवढे त्यांनी दाखवले.

आपल्याकडे जबाबदारी ठरते ती अपघातानंतर, आणि मग मात्र कडकपणे ठरते. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या १८६८ सालच्या इंग्लिश निकालात, शेजाऱ्याच्या खाणीत फुटलेल्या तलावाच्या पाण्यावरून, घातक गोष्ट बाळगणाऱ्याने तिच्या निसटण्याची भरपाई द्यावी, त्याची चूक असो वा नसो, असे तत्त्व निघाले. २००२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश वीज मंडळाच्या विरुद्ध हेच तत्त्व लावले. रात्री सायकलवरून घरी येणारा एक माणूस रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने मेला होता. कोणी तिऱ्हाइताने वीज चोरण्यासाठी तार ओढली होती, हा मंडळाचा बचाव न्यायालयाने मानला नाही. हा निकाल न्याय्य आहे यात आम्हांला शंका नाही. पण त्याचे काम मृत्यूच्या नंतर सुरू होते. फांदी टेकली त्या दिवशी कोणी शिडी लावायची होती, हे तो सांगत नाही. ते त्याचे कामही नव्हे.

आणि नुसती शिडी लावूनही भागत नाही. तारेखाली उभ्या झाडांचे शेंडे सरसकट उडवण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे, ती कंपनी, पालिका आणि सोसायटी या तिघांनाही सोयीची आहे. झाडाला आणि तारेला मात्र नाही. अॅलेक्स शिगो (१९३०–२००६) या अमेरिकी वृक्षरोगतज्ज्ञाने हजारो झाडे करवतीने उभी चिरून दाखवले, की झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती भिंत घालून तिला कोंडून टाकते. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे असते. त्याच्या लगेच बाहेर काप घेतला तर ही भिंत नीट बांधली जाते. अधेमधे कुठेही छाटले तर थुटूक कुजते आणि त्याच्या कडेने झपाट्याने सरळ कोंब फुटतात. हे कोंब सालीलगत वरवर जोडलेले असतात. दोन-तीन पावसाळ्यांत ते पुन्हा तारेला भिडतात, आणि वाऱ्यात मोडतात तेही आधी हेच. म्हणजे दरसालची धडाधड छाटणी पुढच्या सालच्या धोक्याची लागवड करत असते. त्यात आपल्या रस्त्यांवर मादागास्करचा गुलमोहोर आणि दक्षिण अमेरिकेकडचा वर्षावृक्ष, ही सावलीसाठी आणलेली आणि पसरत वाढणारी झाडे, नेमकी खांबांच्या रांगेत लावलेली. इथे झाड आधी की तार आधी, हा प्रश्न विचारावा तर दोन्ही एकाच नगररचनेच्या आराखड्यातून आलेली असतात. नगररचनाकाराचे नाव कोणत्याच कलमात नाही. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरचे झाड ‘वारसा वृक्ष’ ठरले आणि शहरात झाडाचे वय ही सरकारी नोंदीची बाब झाली. खांबावर क्रमांक असतो; तार कधी ओढली त्याचे साल बहुधा नसते. अडुसष्टाव्या कलमातील भरपाईचा हिशेब मांडायला निघालेल्याने ही जोडी कशी जुळवावी?

राहता राहिला तो झाडावरचा माणूस. ‘वायरमन’साठी आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी ‘तारतंत्री’ असा शब्द योजला आहे. वीणेची आठवण करून देणारा हा शब्द आम्हांला नेहमी थोडा हसू आणतो आणि थोडा अस्वस्थही करतो. तारेवर काम करण्यापूर्वी वाहिनी बंद करून तसे लेखी परमिट घ्यावे, तार खरोखर निर्जीव आहे हे तपासावे, ती जमिनीशी जोडावी, हे तारतंत्र्याला शिकवलेले असते. वाहिनी बंद असतानाही एखाद्या घरातले जनित्र किंवा चुकीचा जोडलेला इन्व्हर्टर तीत उलटा प्रवाह सोडू शकतो, हेही त्याला ठाऊक असते. पण फांदी छाटायला चढतो तो पुष्कळदा तारतंत्री नसतो. तो पालिकेच्या किंवा सोसायटीच्या कंत्राटदाराचा मजूर असतो. त्याला झाडावर चढता येते, म्हणून त्याला बोलावलेले असते. कमरेला दोर, हातात कोयता, पायांत काही नाही. खाली उभा असलेला मुकादम ओरडून सांगतो की लाइन बंद आहे. ती कोणी बंद केली, कोणत्या रोहित्रावरून, आणि किती वाजेपर्यंत, हे सांगणारा कागद तिघांपैकी एकाच्या कार्यालयात असतो. झाडाखाली तो क्वचितच आलेला असतो.